भांड्यातून आलेली माती

सिमेंटच्या तपासणी अहवालात कॅल्शियम सापडत नाही. सिलिकॉन नाही, ॲल्युमिनियम नाही, मॅग्नेशियमही नाही. तिथे असतात त्यांची ऑक्साइडं: लाइम म्हणजे चुना, सिलिका, ॲल्युमिना, मॅग्नेशिया, आणि सोबत एल.ओ.आय., म्हणजे नमुना भट्टीत तापवल्यावर वजनात आलेली घट. क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होण्याआधी भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांत, लाइम साधारण ६५ टक्के, सिलिका २१च्या आसपास, ॲल्युमिना पाचेक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये मी हे रकाने वर्षानुवर्षं भरले. खरं पाहता क्लिंकरमध्ये सुटी सिलिका किंवा सुटा चुना असून नसल्यासारखाच. तिथे असतात त्यांची एकमेकांत गुंतलेली संयुगं. पुढे क्ष-किरणांवर चालणारं महागडं यंत्र आलं, ते मूलद्रव्यं थेट ओळखायला लागलं, तर आम्ही त्यालाही शिकवून ठेवलं की बाबा, तू मोज कॅल्शियम, पण छापताना लाइम छाप.

ही यादी आली कुठून, हा प्रश्न नोकरीत असेपर्यंत पडला नाही. शिफ्टमध्ये असले प्रश्न पडत नसतात. निवृत्तीनंतर रसायनशास्त्राचा इतिहास वाचायला घेतला आणि फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएच्या १७८९च्या ग्रंथातला साध्या द्रव्यांचा तक्ता समोर आला. एकूण ३३ द्रव्यं. शेवटच्या गटात पाच नावं: चुना, मॅग्नेशिया, बॅरिटा, ॲल्युमिना, सिलिका. बॅरिटा वगळला तर आमच्याच अहवालाचे रकाने! तिकडे बॅस्टिलचा तुरुंग फुटला त्या वर्षी छापलेला गट मी इकडे जिल्ह्यातल्या चुनखडीच्या नमुन्यांपुढे लिहीत होते. लाव्हाझिएच्या तक्त्यात त्या पाचांना म्हटलं होतं 'माती'. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची खूण 'अल्कधर्मी मृदा धातू' या नावात उरली आहे, म्हणून मीही इथे मृदाच म्हणते. शेतातल्या मातीशी घोळ नको.

त्या काळच्या रसायनज्ञाला मृदा म्हणजे काय, असं विचारलं असतं तर त्याने 'नाहीं'ची यादी दिली असती. पाण्यात विरघळत नाही, निदान सहजी नाही. आगीत जळत नाही. वितळत नाही. वाफ होऊन उडत नाही. चव नाही, वास नाही, धातूसारखी चमक नाही. आपल्याकडे अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात पृथ्वीचं लक्षण सांगितलं ते 'गंधवती'. पहिल्या पावसात अंगणात उभं राहिलेल्या कुणालाही ते पटेल. युरोपातल्या भट्टीवाल्यांनी नेमकं दुसरं टोक धरलं: वास, चव, रंग, ओल सगळं जाळून टाकल्यावर मुशीच्या तळाशी जे बसून राहील ती मृदा. सतराव्या शतकात बेखर नावाच्या जर्मन गृहस्थाने अशा तीन मृदा कल्पिल्या होत्या. त्यांतल्या 'स्निग्ध' मृदेचं पुढे श्टालने फ्लॉजिस्टॉन, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं मानलेलं द्रव्य, केलं आणि शंभर वर्षं त्यावर भांडणं झाली. ते प्रकरण सगळ्यांच्या वाचनात असतं. मला रस आहे तो मुशीच्या तळाशी उरलेल्या पुडीत.

कारण त्या पुडीची एक मोठी अडचण आहे. ती पांढरी असते. शुद्ध चुना पांढरा, मॅग्नेशिया पांढरा, ॲल्युमिना पांढरा, सिलिका पांढरी. पुढे सापडलेल्या झिर्कोनिया, यिट्रिया, थोरिया याही पांढऱ्याच. धातूंचं बरं असतं, तांबं ते तांबं आणि शिसं ते शिसं. इथे समोर पांढऱ्या पावडरी, आणि त्या एक आहेत की दोन की चार, हे ठरवायचं.

यंत्र येण्याआधीच्या आमच्या लॅबमध्ये सिलिका काढायची पद्धत जुनीच होती. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात कोरडा होईपर्यंत आटवायचा, पुन्हा आम्ल घालायचं, पांढरा चिकट साका गाळणकागदावर धरायचा, कागदासकट प्लॅटिनमच्या क्रुसिबलमध्ये जाळायचा आणि वजन घ्यायचं. नव्या मुलांना वाटायचं, झालं, ही सिलिका. मग त्याच क्रुसिबलमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्लाचे थेंब घालून तापवायचं. सिलिका वायू होऊन निघून जाते आणि तळाला पुन्हा थोडं पांढरट काहीतरी राहतं! ते ॲल्युमिना, लोखंड वगैरे, इतका वेळ सिलिकेच्या नावावर बसलेलं. दोन वजनांतली वजाबाकी ती खरी सिलिका. आणि एवढं करून शेवटी 'ब्लँक' चालवायचा, म्हणजे नमुना न घालता तीच भांडी, तीच आम्लं, तोच गाळणकागद घेऊन सगळी क्रिया पहिल्यापासून. त्यातूनही चिमूटभर काहीतरी निघतंच. नवीन आलेली मुलं ब्लँकवर वैतागायची. ज्यात काही घातलंच नाही त्याचं वजन काय करायचं, मॅडम?

त्या मुलांना सांगायला तेव्हा माझ्याकडे गोष्ट नव्हती. आता आहे.

पाणी आटवलं की तळाला माती राहते. कितीही शुद्ध पाणी घ्या, काचेच्या भांड्यात पुन्हा पुन्हा उकळा, थोडा गाळ येतोच. त्यामुळे पाण्याची माती होते असं मोठमोठे लोक मानत. फान हेल्माँटने तर विलोचं झाड कुंडीत लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांपर्यंत वाढलं आणि २०० पौंड मातीत घट आली फक्त दोनेक औंसांची. निष्कर्ष: लाकूड, साल, मुळं, सगळं पाण्यापासून झालं. हवेचा त्यात वाटा असेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. (गंमत म्हणजे 'गॅस' ही संज्ञा त्यानेच रूढ केली.)

लाव्हाझिए तेव्हा पंचविशीतला. त्याने १७६८च्या हिवाळ्यात पेलिकन नावाचं काचपात्र घेतलं. त्याची रचना अशी की वर गेलेली वाफ थंड होऊन नळ्यांतून परत पोटात उतरते, बाहेर काही जात नाही. रिकामं पात्र तोललं, पाण्यासकट तोललं, तोंड बंद केलं आणि १०१ दिवस मंद आचेवर ठेवलं. पाण्यात मातीचे कण तरंगताना दिसायला लागले. बंद पात्राचं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं. मग त्याने पाणी काढून काचपात्र एकटं तोललं, तर पात्र हलकं झालेलं. पात्राची घट आणि निघालेली माती यांचा मेळ जवळपास बसत होता. माती पाण्यातून आली नव्हती. ती काचेतून झिजून आली होती.

या प्रयोगाचं कौतुक सहसा अचूक तराजूसाठी होतं, आणि ते रास्त आहे. मला मात्र त्याची शंका जास्त आवडते. आधीच्या लोकांनी पाण्यावर शंका घेतली, गाळावर घेतली, याने भांड्यावर घेतली. त्यापुढची पन्नास-साठ वर्षं मृदांच्या शोधाचा इतिहास मला याच एका शंकेचा इतिहास वाटतो. ज्याने भांड्याचा हिशेब ठेवला त्याच्या मृदा टिकल्या.

चुन्याची गोष्ट याच्या थोडी आधीची, आणि तिच्यात उलटा हिशेब आहे. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात फुटतो, हात भाजतो. महाराष्ट्रात जागोजाग चुन्याच्या भट्ट्या होत्या. मुंबईतल्या एका स्टेशनाचं नावच चुनाभट्टी. चुना दाहक का होतो, याचं सर्वमान्य उत्तर होतं की भट्टीतल्या आगीचा काही अंश त्यात शिरतो. उत्तर मनाला इतकं पटणारं आहे की ते तपासावंसं कुणाला वाटलं नाही यात नवल नाही. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने मूतखड्यावर सौम्य औषध शोधताना मॅग्नेशिया आल्बा हाती घेतला. जुलाबासाठी देत ते हेच पांढरं चूर्ण. भाजल्यावर त्याचं वजन वाढलं नाही, चांगलंच घटलं. आत काही शिरलं नव्हतं, आतून काही गेलं होतं. गेलेल्या हवेला त्याने 'स्थिर हवा' म्हटलं; आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १७५६ मध्ये हे छापून आलं. चुना आणि मॅग्नेशिया या दोन वेगळ्या मृदा आहेत हेही त्यात स्पष्ट झालं. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो धुराड्यातून जातो. आमच्या अहवालातला एल.ओ.आय.चा रकाना म्हणजे हेच ब्लॅकचं वजन. चुना आणि मॅग्नेशिया वेगळे ओळखण्याला आज पैशाचंही मोल आहे. सिमेंटमध्ये मॅग्नेशिया मर्यादेबाहेर गेला की तो वर्षांनंतर सावकाश पाणी पिऊन फुगतो आणि बांधकामाला तडे जातात. भारतीय मानकात ही मर्यादा सहा टक्क्यांची आहे.

बर्लिनचा मार्गग्राफ १७५४ मध्ये तुरटीतली मृदा वेगळी काढून दाखवत होता, तो ॲल्युमिना. १७७४ मध्ये स्वीडनच्या शेलेला मँगनीजच्या खनिजात एक जड मृदा सापडली, तो बॅरिटा. अशा रीतीने पाच झाल्या. लाव्हाझिएने त्या तक्त्यात घेतल्या खऱ्या, पण जरा हात आखडूनच. या मृदांना ऑक्सिजनची ओढ दिसत नाही, तेव्हा त्या आधीच ऑक्सिजनने भरलेल्या, म्हणजे कुठल्याशा अज्ञात धातूंची भस्मं असाव्यात, असा अंदाज त्याने नोंदवला. पण दाखवता येत नव्हतं, तोवर साधं द्रव्य म्हणून नाव राहील, असा रोख कारभार. १७९४ मध्ये त्याचं डोकं गिलोटिनखाली गेलं.

यादी छापली की तीत भर घालायची हौस येते. त्या दहा-पंधरा वर्षांत मृदांचं पीकच आलं.

सगळ्यांत वाचनीय प्रकरण जोसाया वेजवुडचं. इंग्लंडातला हा नामांकित कुंभार, चार्ल्स डार्विनच्या आईचा बाप. त्याला नुसता कारखानदार समजू नये. भट्टीतलं तापमान मोजायला चिकणमातीच्या गोळ्यांचं आकुंचन वापरणारं उपकरण त्याने बनवलं आणि रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. १७८८ मध्ये ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत सिडनीच्या किनाऱ्याला लागली. तिथले मूळ रहिवासी अंगावर पांढरे पट्टे ओढायला जी माती वापरत, तिचा नमुना गव्हर्नर फिलिपने जोसेफ बँक्सकडे लंडनला पाठवला आणि बँक्सने वेजवुडकडे. वेजवुडने तिच्यातून एक सुंदर पदक घडवलं, आणि उरलेल्या मातीचं पृथक्करण केलं. उकळत्या म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) आम्लात काहीतरी विरघळलं आणि ते द्रावण पाण्यात ओतताच पांढरा साका बसला. माहितीतली एकही मृदा असं वागत नव्हती. त्याने १७९० मध्ये हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जाहीर केलं. नव्या खंडातून नवी मृदा! लोकांनी तिला 'सिडनिया' म्हटलं, 'ऑस्ट्रल मृदा' म्हटलं, आणि ती याद्यांमध्ये दाखल झाली.

बर्लिनचा रसायनज्ञ क्लापरोट याला आपल्या नमुन्यात ती मिळाली नाही. १७९८ मध्ये चार्ल्स हॅचेटने बँक्सकडूनच माती घेऊन सगळं नव्याने केलं. निघालं काय? सिलिका, ॲल्युमिना, लोखंडाचं ऑक्साइड आणि थोडं ग्राफाइट. पाण्यात ओतल्यावर बसणारा तो साका बसलाच नाही. सिडनिया यादीतून काढावी, असं हॅचेटने स्वच्छ लिहिलं. वेजवुड १७९५ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याच्या आम्लाच्या बाटलीत किंवा भांड्यात काय होतं हे विचारायची सोय राहिली नाही. त्याने ब्लँक चालवला असता तर? असं म्हणणं सोपं आहे, मलाही मोह होतो. पण त्या काळी शुद्ध आम्ल विकत मिळत नसे, ते स्वतःच बनवायचं, आणि बनवायचं ते पुन्हा कुठल्या तरी भांड्यातच.

भांड्यांच्या बाबतीत क्लापरोटला मी गुरू मानते. अपोथेकरीत वाढलेला माणूस, पुडी तोलायची सवय हाडात भिनलेली. कुरुंदासारखा कठीण दगड गारेच्या खलात कुटताना खलही झिजणार, आणि झिजलेली गार म्हणजे सिलिकाच, हे त्याने ओळखलं आणि तो कुटण्याआधीचं व नंतरचं वजन पाहून ती सिलिका हिशेबातून वजा करी. कठीण दगड फोडायला चांदीच्या मुशीत दाहक पोटॅश वापरी. आधीचे लोक पृथक्करणाची बेरीज ओढूनताणून शंभरावर आणत. हा तूट आली तर तूट छापी. आणि हे सगळं करणाऱ्या क्लापरोटनेही आधी आपल्याकडच्या आणि चीनकडच्या कुरुंदात एक नवी मृदा जाहीर केली होतीच. पुन्हा पृथक्करण केल्यावर तिथे जवळजवळ सगळा ॲल्युमिना निघाला. आपली मृदा त्याने स्वतःच मागे घेतली. कुरुंद, माणिक आणि नीलम हे मुळात एकाच पांढऱ्या मृदेचे स्फटिक, रंग तेवढा इतर धातूंच्या लवलेशाचा, हे कळायची वाट अशी मोकळी झाली. खरी असलेली झिर्कोनिया मृदाही १७८९ मध्ये त्यानेच सिलोनच्या खड्यांतून काढली.

आताच्या स्लोव्हाकियातलं शेम्निट्झ हे तेव्हा खाणविद्येचं मोठं केंद्र होतं. तिथे १७९० मध्ये रूप्रेख्त आणि तोंदी या दोघांनी लाव्हाझिएचा अंदाज खरा करून दाखवायचं ठरवलं. मृदा कोळशात मिसळून प्रचंड आचेवर धरल्या, आणि खरोखर धातूचे मणी मिळाले! तोंदी नेपल्सचा होता. त्याने घाईघाईने नावंही ठेवली: बॅरिटाच्या धातूला बूर्बाँ राजघराण्यावरून, मॅग्नेशियाच्या धातूला ऑस्ट्रियावरून, चुन्याच्या धातूला नेपल्सच्या प्राचीन नावावरून. राजे खूश झाले असतील. मग इतरांनी तपासलं, त्यात क्लापरोटही होता. चुन्यातून, मॅग्नेशियातून, बॅरिटातून निघालेला धातू एकच! लोखंड आणि फॉस्फरसचं संयुग. मुशीत हाडांची राख होती, तिच्यातून फॉस्फरस आला. लोखंड कोळशातून आणि भांड्यातून. दोघांचा तर्क बरोबर होता, त्या मृदांमध्ये धातू होतेच. पण मुशीतून बाहेर आली ती मूसच.

१७९८ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँने पन्नातून आणि बेरिल नावाच्या खनिजातून एक मृदा काढली. हा नॉर्मंडीतल्या गरीब घरातला, पोरवयात औषधाच्या दुकानात भांडी घासलेला. पन्ना आणि बेरिल यांच्या स्फटिकांचे कोन एकसारखे आहेत, तेव्हा घटकही एक आहेत का बघ, असं त्याला स्फटिकांचा अभ्यासक आयुई म्हणाला. त्याआधी भल्याभल्यांनी, क्लापरोटनेसुद्धा, बेरिलमधला तो पांढरा साका ॲल्युमिना म्हणून लिहून टाकला होता. व्होक्लँने पाहिलं की तो अमोनियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळतो, ॲल्युमिना विरघळत नाही. आणि पोटॅश व सल्फ्युरिक आम्लाबरोबर त्याची तुरटी होत नाही. शिवाय त्याचे क्षार गोड लागतात, म्हणून नाव पडलं ग्लुसिना. बेरिलियम आणि त्याची संयुगं विषारी आहेत हे माहीत असलेल्या कुणाच्याही अंगावर ही चव घेण्याची कल्पना काटा आणेल. व्होक्लँ त्यानंतरही तीसेक वर्षं जगला.

गोड मृदा मिळाल्यावर बेचव मृदा मिळायला उशीर कशाला? १८०० च्या सुमाराला एर्फुर्टच्या ट्रॉम्सडॉर्फने सॅक्सनीतल्या 'बेरिल'मधून अगुस्टिना काढली. तिचं वैशिष्ट्य काय, तर तिच्या क्षारांना चवच नाही. तो दगड बेरिल नव्हता, ॲपेटाइट होता, आणि अगुस्टिना म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. हाडांत असतं तेच. हे दाखवलं पुन्हा व्होक्लँनेच.

१८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने सगळ्या मृदांच्या गटाला सुरुंग लावला. आदल्या वर्षी त्याने विजेने पोटॅशियम आणि सोडियम सुटे केले होते. मृदा मात्र हट्ट धरून बसल्या. मग स्टॉकहोमहून रसायनज्ञ बर्झेलियसचं पत्र आलं की पारा वापरून आम्ही चुन्याचा आणि बॅरिटाचा पारदमेळ (पाऱ्यात मिसळलेला धातू) मिळवलाय. डेव्हीने ओलसर मृदेत पारा ठेवून वीज सोडली, धातू पाऱ्यात उतरला, मग काचेच्या नळीत पारा उडवून लावायचा. चुन्याच्या वेळी नळी गरम असतानाच फुटली. हवा आत शिरताच चांदीसारखा चमकणारा तो धातू भडकून पांढऱ्या प्रखर उजेडात जळाला आणि त्याचा पुन्हा कळीचा चुना झाला. मला हा प्रसंग फार आवडतो. एकदा तरी भांडं फुटलं ते कामी आलं: चुना म्हणजे जळून गेलेला धातू, हे त्याहून चांगलं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम, मॅग्नेशियम त्या एका वर्षात आले. ॲल्युमिनियमला १८२५ उजाडलं.

म्हणजे मृदा संपल्या का? कल्पना म्हणून संपल्या. सिमेंटच्या, मातीकामाच्या, खडकांच्या अहवालात मात्र त्या टिकल्या, आणि यात आळस आहे असं मला वाटत नाही. वजनाने पृथक्करण करणाऱ्याच्या हातात शेवटी तापवलेलं ऑक्साइडच येतं. ज्याचं वजन केलं तेच लिहावं, हा जुना सचोटीचा रिवाज आहे. शिवाय बेरीज शंभराच्या जवळ येते की नाही हे लगेच दिसतं. नाही आली तर कुणीतरी लपलंय, किंवा कुणीतरी पाहुणं आलंय.

लपणाऱ्यांची खरी पंगत स्वीडनला स्टॉकहोमजवळच्या यिटर्बी गावच्या खाणीत बसली होती. तिथून फेल्डस्पार निघे, चिनी मातीच्या भांड्यांसाठी. १७८७ मध्ये आरेनियस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिथे एक जड काळा दगड उचलला. १७९४ मध्ये फिनलंडच्या गाडोलिनला त्यात ३८ टक्के नवी मृदा मिळाली. एकेबर्गने ती पडताळून तिला यिट्रिया नाव दिलं. त्याच दगडात ग्लुसिनाही होती, पण गाडोलिनच्या साक्यात ती निमूट बसून राहिली, व्होक्लँच्या चार वर्षं आधी. आणि खुद्द यिट्रिया? १८४३ मध्ये मोसांडरने तिच्या तीन केल्या. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्यांतूनही आणखी निघत गेल्या. विरल मृदा म्हणतात त्या याच. एकमेकींत इतक्या सारख्या की वेगळं करायचं तर द्रावणातून स्फटिक काढायचे, ते विरघळवून पुन्हा काढायचे, आणि हेच करत राहायचं. अमेरिकेत चार्ल्स जेम्सने त्यांतल्याच एका, थुलियमच्या, शुद्ध क्षारासाठी हे १५,००० वेळा केलं. खोट्या मृदा या काळात डझनांनी जाहीर झाल्या आणि बाद झाल्या. इथे दोष भांड्याचा कमी, पांढऱ्यातलं पांढरं वेगळं न झाल्याचा जास्त.

बर्झेलियसही यातून सुटला नाही. १८१५ मध्ये त्याने एक नवी मृदा काढली, थॉर देवावरून नाव ठेवलं थोरिना. दहाएक वर्षांनी ध्यानात आलं की ते यिट्रियमचं फॉस्फेट आहे. पुन्हा फॉस्फेट! त्याने मृदा रद्द केली. मग नॉर्वेच्या एका बेटावरून आलेल्या काळ्या खनिजात त्याला खरोखरची नवी मृदा मिळाली, आणि नाव मोकळंच पडलं होतं म्हणून त्याने तेच परत वापरलं. १८२९ची ही थोरिया.

थोरिया आमच्या पिढीने पाहिलेली आहे. जत्रेत, लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात डोक्यावरून नेत त्या गॅसबत्तीचं मेंटल थोरियाचं असे. सुती जाळी थोरियम नायट्रेटमध्ये भिजवलेली, पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे राहतो पांढऱ्या राखेचा सांगाडा, बोट लागलं तर चुरा. ९९ भाग थोरिया, एक भाग सेरिया (आणखी एक विरल मृदा), हे प्रमाण व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८९१ मध्ये बसवलं. न वितळणारी, न जळणारी, न उडणारी मृदा, नुसती आगीत उभी राहून उजेड देणारी. त्यासाठी जगभर थोरियमची मागणी आली आणि १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला ते एका अजब ठिकाणी मिळालं: त्रावणकोरकडून आलेल्या काथ्यात. काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियम असलेलं खनिज होतं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती भेसळ, झटकून टाकायची. पुढच्याच वर्षी मनवलकुरिचीला त्याचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये याच वाळूसाठी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला. १९५५ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना सुरू झाला.

मृदेच्या व्याख्येतला सगळ्यांत भक्कम भाग होता तो हा की आग तिचं काही करू शकत नाही. थोरियाच्या बाबतीत ते शेवटपर्यंत खरं राहिलं. पण १८९८ मध्ये जर्मनीत श्मिट आणि पॅरिसमध्ये मेरी क्युरी यांनी दाखवलं की थोरियम कुणी हात न लावताही किरण सोडतं, आणि चारेक वर्षांत माँट्रियलला रदरफर्ड आणि सॉडी यांनी त्याचा अर्थ लावला: थोरियमचे अणू आपोआप फुटून दुसरी मूलद्रव्यं होतायत. निम्मे अणू फुटायला सुमारे १,४०० कोटी वर्षं लागतात, त्यामुळे मुशीत तोलणाऱ्या बर्झेलियसला ते दिसण्याची शक्यताच नव्हती. त्याची थोरिया मात्र तेव्हाही बदलत होती. त्या बदलात ना आगीचा हात होता, ना भांड्याचा.